रविवारचे ग्रॅम

सहा दिवस मी दाणाबंदरात काट्यापाशी बसतो.
पोतं चढतं, आकडा थरथरतो, मी लिहितो:
तूर, पन्नास किलो, वर दोनशे.
दोनशे ग्रॅमला आमच्यात कोणी विचारत नाही,
बारदानाचं वजन म्हणून सोडून द्यायचं.

सातव्या दिवशी, कोपरखैरण्यात, सव्वासातला
ताटलीएवढ्या काट्यावर
दोनशे ग्रॅम मैदा घेतो
आणि श्वास रोखून धरतो.

मयूरी आत झोपली आहे.
तुर्भ्याच्या हॉटेलातून रात्री दीडला आली,
मनगटावर भट्टीचा नवा चटका.
तिथे ती अडीचशे माणसांचे बन, पाव, केक भाजते
आणि घरी सांगते, सुट्टीच्या दिवशी मला पीठ दाखवू नका.
म्हणून दाखवत नाही.
दार लोटलंय, भांडी फडक्यावर.

लोणी गार हवं.
हे पचायला मला तीन रविवार लागले.
आमच्याकडे मोहन कडकडीत,
पिठावर ओतलं की चर्र झालं पाहिजे,
नाहीतर शंकरपाळ्यांचे दगड.
इथे उलटं. बर्फासारखे तुकडे
बोटांच्या टोकांनी चुरायचे, तळव्याची ऊब लागू न देता,
पोत्यात बोट घालून ज्वारीची ओल बघावी
इतकंच, आणि हात बाहेर.

मग ताक. मग थांबायचं.
मळायचं नाही.
ओट्याच्या कडेला शालन अस्वस्थ,
तिच्या मुठी आपोआप वळतात.
"अवो, ह्याला कुणी पीठ म्हनंल का? नुसती ढेकळं."
असू दे ढेकळं.
वाफसा आला की आपणहून फुटतात,
हे तूच सांगितलंस, पाटणच्या रानात.

अर्ध्या गोळ्यात मनुका आणि वेलदोडा,
मसाला मार्केटातला भिवाजी देतो,
मुठीतून मुठीत, कागदसुद्धा न लावता.
अर्ध्यात चीज, ओवा, हिरवी मिरची
आणि मिरी, टॉवेलात गुंडाळून ठेचलेली,
आवाज होऊ नये म्हणून.
वाटीने गोल पाडले.
उरल्या कातरणांचा एक वेडावाकडा, तो माझा.

ओव्हनमध्ये आठ मिनिटं झाली असतील,
पाठी वर यायला लागल्या होत्या,
आणि लाईट गेली.
पंख्याबरोबर सगळ्या सेक्टरचा आवाज थांबला;
खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ तेवढा, सेलवरचा.
मी काचेतून बघत राहिलो
अर्धवट फुगलेल्या तेरा गोळ्यांकडे.

शालन काही बोलली नाही.
बिडाचा तवा चढवला, गॅस बारीक,
वर परात उपडी, परातीवर वरवंटा.
एकेक उचलून ठेवला, भाकरी टाकतात तसा नव्हे,
खुडूक कोंबडीखाली अंडं सरकवावं तसा.
खालून जरा करपले. उलटले.
ओवा सुटला घरभर,
मागून लोण्याचा तो भाजका, गोड वास
दाराच्या फटीतून आत.

मयूरी आली, केस तसेच.
पंखा गेला म्हणून उठले, म्हणाली.
एक मोडला, नाकाशी नेला,
हॉटेलात करत असेल तसा.
"थर सुटलेत." एवढंच.
मग दुसरा, मनुकेचा, त्यावर गावचा करवंदाचा मुरांबा.
"ह्याला स्कोन म्हणायचं का स्कॉन?" मी विचारलं.
"आमच्याकडे दोन शेफ ह्यावरून भांडतात, पप्पा."
"तव्यावरचा हाय न्हवं? मग नाव मी ठेवनार," शालन म्हणाली.
अजून ठेवलेलं नाही.

चहा दुसऱ्यांदा झाला.
पारसिकच्या खरवडलेल्या डोंगरावर ऊन पार खाली उतरलं.
लाईट आली तेव्हा ओव्हनवरचं घड्याळ
शून्यावर लुकलुकत होतं.
मी उठून लावलं नाही.
ताटलीत वेडावाकडा तेवढा उरला होता.
त्याचे तीन तुकडे केले,
अंदाजाने.